मोटर आहे, पण चाकांना नाही: ८११० उनिमोगविषयी

उनिमोग हा मर्सिडीज-बेंझचा खरा ट्रक, आणि लेगोच्या गिअर-मोटरींच्या टेक्निक मालिकेत ८११० क्रमांकाचा संच म्हणजे त्याचे खेळणे. या खेळण्यातल्या उनिमोगबद्दल संग्राहकांशी बोलणे सुरू झाले की पहिल्या पाच मिनिटांत एक तक्रार हटकून येते: यात मोटर आहे, पण गाडी चालत नाही. २०११ साली आलेला, २०४८ तुकड्यांचा हा नारिंगी ट्रक त्या वेळी टेक्निक मालिकेतला तुकड्यांच्या संख्येने सर्वांत मोठा संच होता. बॅटरीपेटी, मोटर, हवेच्या दाबावर हलणारी क्रेन आणि पुढच्या बाजूला विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) एवढे सगळे त्यात आहे, आणि तरीही तो फरशीवर ठेवून कळ दाबली तर जागचा हलत नाही. आत नुसती घरघर होते. त्याचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे झाली, पण ही तक्रार काही थांबत नाही. मला ती मुळातच चुकीची वाटते.

पुण्याहून जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला राहायला आल्यापासून माझा या गाडीशी संबंध जरा जास्तच आला. मुर्ग नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोकलने गागेनाउला उतरले की २००६ साली सुरू झालेले उनिमोग संग्रहालय आहे, आणि १९५१ पासून २००२ पर्यंत खऱ्या उनिमोग याच गागेनाउमध्ये तयार होत असत. त्यानंतर ते उत्पादन ऱ्हाईनकाठच्या व्योर्टला गेले. दुसरे महायुद्ध संपता संपता आल्बर्ट फ्रीडरिश यांनी जे वाहन कल्पिले, ते मुळात शेतकऱ्यासाठी होते. त्याच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन ओळींना जुळेल असे, म्हणजे १२७० मिलिमीटर ठेवलेले होते. उनिमोग हे नावच ‘सर्व कामांचे मोटारयंत्र’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांतून घडलेले आहे. इंजिनाची ताकद चाकांपुरती न ठेवता नांगर, करवत, बर्फ ढकलणारे पाते, विंच अशा अवजारांपर्यंत पोहोचवायची, हा त्या गाडीचा सगळा विचार आहे.

आता खेळण्याकडे पाहा. त्यातली एकुलती एक मोटर हवेचा पंप चालवते, क्रेन गोल फिरवते आणि विंचचा दोर गुंडाळते. म्हणजे ती अवजारे चालवते. चाके हाताने ढकलावी लागतात आणि ढकलली की बॉनेटखालच्या खोट्या इंजिनाचे दट्टे (पिस्टन) वरखाली होतात. दूरनियंत्रकावर पळणारी गाडी ज्यांना हवी होती त्यांची निराशा मला समजते, पण या संचाच्या रचनाकाराने मोटर जिथे लावली तिथेच ती उनिमोगच्या स्वभावाला धरून आहे.

जुन्या संग्राहकांचे मात्र मोटरीकडे फारसे लक्ष नसते. ते गाडी उलटी करतात आणि थेट आसांकडे (अ‍ॅक्सलकडे) पाहतात. नेहमीच्या गाडीत आस चाकाच्या केंद्रातून जातो. उनिमोगमध्ये तो केंद्राच्या वरून येतो आणि चाकाजवळच्या गिअरच्या जोडीतून ताकद खाली उतरते. त्यामुळे गाडीचे पोट जमिनीपासून उंच राहते. शिवाय वेग चाकाशी येऊन कमी होत असल्यामुळे मधल्या सांध्यांवर पिळाचा ताण कमी येतो, आणि प्लास्टिकच्या सांध्यांच्या बाबतीत हा फायदा पोलादापेक्षाही मोलाचा आहे. टेक्निकमध्ये अशी रचना प्रथम या ट्रकात आली आणि तिच्यासाठी गिअरच्या खास पेट्या नव्याने घडवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या ९३९८ क्रमांकाच्या क्रॉलर या टेक्निक गाडीमध्येही त्या दिसल्या. खडबडीत उतारांवर चढणारे ट्रक स्वतःच्या कल्पनेने बांधणाऱ्यांनी केवळ या पेट्यांसाठी उनिमोग घेऊन तो सुटा केल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. हे ऐकले की माझ्या पोटात कालवते. पण त्या लोकांनी या संचाची खरी किंमत ओळखली होती, हेही कबूल करावे लागेल.

दोष नाहीत असे नाही. स्टिअरिंग इतके थोडे वळते की माझ्या जेवणाच्या टेबलावर हा ट्रक एका झटक्यात फिरवणे अशक्य आहे. क्रेन फिरताना होणारा आवाज मिक्सरची आठवण करून देतो. शिवाय स्टिकर आहेत, आणि ते वाकडे लागले की लागले.

माझा उनिमोग वापरलेला आहे. खोका नव्हता, पुस्तिका होती, आणि विक्रेत्याने सगळे व्यवस्थित चालते असे सांगितले होते. घरी आणून बॅटरीपेटीचे झाकण उघडले तर सहापैकी दोन सेलांच्या टोकांना पांढरी खारट पूड चढलेली होती आणि एका स्प्रिंगचा रंग शेवाळासारखा हिरवा झाला होता. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे आत राहिले की गळतात. त्या पुडीवर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की ती फसफसून सुटते, आणि मग पत्र्यावर बारीक सँडपेपर हलक्या हाताने घासावा लागतो. हा उद्योग दोन संध्याकाळी चालला. मोटर सुरू झाली, पण क्रेनचा हात रात्री वर उचलून ठेवला तर सकाळी टेबलाला टेकलेला सापडायचा. मग एकेक नळी वाटीभर पाण्यात धरून पंप दाबत बसण्याची वेळ आली. तिसऱ्या नळीच्या टोकाशी मोहरीएवढे बुडबुडे निघाले: जिथे ती सिलिंडरच्या तोटीवर चढवलेली होती तिथे रबर ताणून सैल पडले होते. टोकाचा अर्धा सेंटिमीटर कापून नळी पुन्हा घट्ट बसवल्यावर हात निदान दोन दिवस वर राहू लागला.

या अनुभवामुळे न उघडलेल्या खोक्यांच्या वादात माझे मत पक्के झाले आहे. मोहोरबंद संच म्हणजे काळ थांबवलेला संच, अशी एका गटाची श्रद्धा आहे आणि बाजारात त्याच श्रद्धेचे पैसे मोजले जातात. लेगोच्या प्लास्टिकच्या विटांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण ज्या संचात रबराच्या नळ्या आहेत, सिलिंडरच्या आत वंगण आहे आणि स्टिकरच्या पाठीवर डिंक आहे, तो खोक्यातही म्हातारा होतच असतो. फरक एवढाच की तो कितपत म्हातारा झाला आहे हे कोणालाच दिसत नाही. हवेच्या दाबावर चालणारे खेळणे अधूनमधून चालवलेलेच बरे. त्यामुळे जोडलेला, चालताना दाखवलेला ट्रक मी बंद खोक्यापेक्षा आधी घेईन.

२०१५ सालचा २७९३ तुकड्यांचा आरॉक्स हा टेक्निकचाच दुसरा ट्रक आल्यावर उनिमोग मागे पडला, असे मानणारे पुष्कळ आहेत. आरॉक्समध्ये हवेचे सिलिंडर आणि पंप नव्याने घडवलेले होते आणि काम नक्कीच अधिक सफाईचे आहे. तरीही या दोन्ही ट्रकांना एका बाबतीत सारखाच मान मिळतो: दोन्हींना मोबाइल लागत नाही. २०१९ पासून मोठ्या मोटरीच्या संचांना फोनवरचे अ‍ॅप लागू लागले, आणि ते अ‍ॅप आणखी वीस वर्षांनी चालेल का, हा प्रश्न संग्राहकांच्या गप्पांत सतत निघतो. उनिमोगला सहा पेन्सिल सेल आणि एक कळ पुरते.

पुण्यातल्या माझ्या एका मित्राला हाच ट्रक हवा आहे. लहानपणी आम्ही दोघे मेकॅनिक्स या खेळण्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून क्रेन बनवत असू, तेव्हापासून त्याचे हात शिवशिवतात. परंतु भारतात खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, त्यामुळे उत्पादन थांबलेला संच परदेशातून मागवणे म्हणजे मुद्दलाच्या जवळपास जाणारे व्याज आधीच भरण्यासारखे होते. म्हणून तो दर आठवड्याला माझ्या उनिमोगची चौकशी करून समाधान मानतो. त्याचा आग्रह असा आहे की याच तुकड्यांतून होणारे दुसरे रूप, म्हणजे पुढे बर्फाचे पाते असलेला उनिमोग, मी एकदा बांधावा. त्यासाठी क्रेन पूर्ण सुटी करावी लागेल आणि ती तिसरी नळी पुन्हा तोटीवरून काढावी लागेल. अर्धा सेंटिमीटर आणखी कापला तर ती पुरणार नाही, हे मी पट्टीने मोजून पाहिले आहे, आणि नवी नळी मिळेपर्यंत त्याला थांबायला सांगितले आहे.