पाय थोडाच बंद पडनात?

आज सकाळी पांझरेच्या काठानं चालताना मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा बंद पडला. चार्जिंग संपलं. शेवटचा आकडा पाहिला होता ६,२१४. मी तिथूनच घराकडे वळलो.

समोरून रोजची भाजीवाली आजी येत होती. डोक्यावर मेथीची पाटी, पायात टाचेला झिजलेल्या चपला. आज लवकर माघारी का, म्हणून तिनं विचारलं. मी कारण सांगितलं. पाटी सावरत म्हणाली, "घड्याय बंद पडनं भाऊ, पाय थोडाच बंद पडनात?"

दिवसभर ते वाक्य मनातून हलेना.

रोज दहा हजार पावलं चालायची, हा आकडा 1965 सालचा. जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, 'मानपो-केई'. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. म्हणजे आकडा आधी बाजारात आला, त्यावरचे अभ्यास नंतर झाले. आणि मी त्याच्यासाठी नदीकाठची इतकी छान सकाळ अर्ध्यावर सोडून आलो! याचं खरंच वाईट वाटलं.

बासरीचंही तेच केलंय मी. पोमोडोरोचा, म्हणजे 25 मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती या पद्धतीचा, टायमर लावून बसतो. अभ्यासाला, ऑफिसच्या कामाला तो फार उपयोगी आहे, मला त्यानं शिस्त लावली. पण भूप राग जरा कुठे जमायला लागला की घंटी वाजते, आणि मी बासरी खाली ठेवतो.

आज फोन आतल्या खोलीत ठेवला. त्यातला गंधार, म्हणजे 'ग' स्वर, मनासारखा लागेपर्यंत फुंकत राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

रविवारी लळिंगचा किल्ला चढायचाय. पट्टा घरीच ठेवू का?