ग्वाल्हेरचे फडणीस आपले भाऊबंद का? डीएनए कंपनी निवडताना

इथे इंग्लंडात, लीड्सला, ऑफिसातल्या एका बाईंनी नाताळात मला डीएनए चाचणीचं किट द्यायचं ठरवलं होतं. कारण ऐकलं आणि मला रागच आला. "इतक्या लांब येऊन राहिलीस, आपण मूळचे कोण हे कळावंसं वाटत असेल ना?" अहो, मी बडोद्याच्या फडणिसांची, दांडिया बाजारात वाढलेली. आम्ही मूळचे कोण हे नळीत थुंकून कळायची वेळ आमच्यावर आलेली नाही. गोत्र ठाऊक आहे, कुलदैवत ठाऊक आहे. पितृपक्षात बाबा बाप, आजा, पणजा अशी नावं घेतात, ती लहानपणापासून कानावर आहेत. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची मोडीतली सही आहे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ साली. त्यामागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या चाळायच्या. हे सगळं मी बाईंना सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

तरीही एक प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसाच पडून आहे. दामाजी गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदं घेतलं, त्याच्या आगेमागे आमचा मूळपुरुष इकडे आला म्हणतात. त्याचा सख्खा भाऊ शिंद्यांच्या पदरी राहिला, त्याचे वंशज आधी उज्जैनला आणि मग ग्वाल्हेरला. म्हणून ग्वाल्हेरच्या फडणिसांना आपण भाऊबंद म्हणतो. पण त्यांच्याकडचं सुतक धरायचं की नाही, यावर आजोबांच्या काळापासून दोन तट आहेत. वहीत आमची शाखा आहे, त्या भावाची नाही. आडनावावर तर विसंबताच येत नाही. फडणीस हा हुद्दा. तो बडोद्यात होता, ग्वाल्हेरात होता, इंदुरातही होता. कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांचं तेच. इथे एका आडनावाची माणसं एकत्र येऊन डीएनए जुळवतात. आपण तसं करायला बसलो तर निम्मे लोक एकमेकांचे कोणीच निघणार नाहीत.

हा प्रश्न घेऊन मी लीड्सच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. तिथे स्थानिक आणि कौटुंबिक इतिहासाचा वेगळा विभाग आहे आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओळखपाळख नाही, अर्ज नाही, पैसे नाहीत. टेबलामागच्या बाईंनी कुठल्याही कंपनीचं नाव न घेता आधी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे?" मग कोरा कागद ओढला आणि माझ्या तोंडून बडोद्याची सगळी वंशावळ काढून घेतली. कोण हयात आहे, सर्वांत वडीलधारं कोण, कोणाला मुलगे, कोणाला मुली. जे वयानं मोठे त्यांची चाचणी आधी, कारण मागच्या पिढीतलं जे त्यांच्यात आहे ते तुमच्यात निम्मंच उतरलंय, हे त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे एका सरकारी दफ्तरात असंच विचारायला गेले होते, तेव्हा "साहेब जेवायला गेलेत" यापलीकडे उत्तर मिळालं नव्हतं. पण त्या दफ्तरातल्या कारकुनाचीही बाजू आहे. रुमालात बांधलेले गठ्ठे, त्यातला मजकूर मोडी, मोडी वाचणारी माणसं मोजकी, आणि सांभाळायला एकटा तो. त्या जागी इंग्रज असता तरी जेवायलाच गेला असता.

तर प्रश्न ठरला आणि कंपनी जवळजवळ आपोआप ठरली. अँसेस्ट्री, मायहेरिटेज ह्या कंपन्यांची नेहमीची चाचणी ऑटोसोमल; आई-बाप दोघांकडून आलेलं सगळं त्यात मिसळलेलं असतं. अँसेस्ट्रीकडे अडीच कोटींहून अधिक लोकांचे नमुने आहेत, पण त्यात भरणा अमेरिका आणि ब्रिटनच्या लोकांचा. आमच्या ऑफिसातल्या बाईंना तिथे चुलत-मावस भावंडांची रांग लागेल. बडोद्याच्या माणसाला कोण भेटणार? शिवाय खापरपणजोबा एक असलेल्या चुलत भावंडांतही दहातल्या एका जोडीत तरी जुळणारं काहीच सापडत नाही. आमची फाटाफूट तर दहाएक पिढ्यांमागची.

दुसरी अडचण खास आपली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की भारतात साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी लोक मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळले, आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नं सुरू झाली. त्यामुळे एका पोटजातीतली दोन परकी माणसंसुद्धा थोडंथोडं सारखं घेऊन बसलेली असतात. असं लहान-लहान सारखेपण जमून दूरचं नातं जवळचं दिसू शकतं. इतके टक्के अमुक प्रांतातले, असा रंगीत नकाशा येतो, त्याचा ह्या कामी मला काडीचाही उपयोग नाही.

उरली वाय गुणसूत्राची चाचणी. ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. ज्या कुळाचा शोध घ्यायला मी एवढी धडपडते आहे, त्याची ही खूण माझ्या अंगात नाही, हे मला लागलं. माझ्या मुलातही नसणार. म्हणून चाचणी अण्णाकाकांची. ते उन्हाळ्यात चुलत बहिणीकडे इथेच आले होते. ह्यूस्टनची फॅमिलीट्रीडीएनए ही कंपनी २००० सालापासून आहे आणि वाय चाचणीत पुरुषांची पुरुषांशी जुळणीही करून देते. आधी वाय गुणसूत्रावरच्या ३७ खुणांची साधी चाचणी, जुळलं तर पुढची मोठी, असं ठरवलं. मोठी कितीतरी महाग आहे. गालाच्या आतून काडी फिरवायची. थुंकीची नळी भरायची तर अर्धा तास खाणंपिणं बंद, आणि काकांचं तोंड कायम कोरडं.

काकांनी मला सोडलं नाही. "माझं रक्त अमेरिकेत कोणाच्या हातात पडणार, बेटा?" प्रश्न रास्तच होता. ह्याच कंपनीने एफबीआय ह्या अमेरिकी तपास यंत्रणेला आपल्या साठ्यात शोध घेऊ दिला, हे २०१९ मध्ये उघड झालं. आता त्या जुळणीला नकार देता येतो आणि आम्ही तो दिला. ट्वेंटीथ्री अँड मी ह्या दुसऱ्या डीएनए कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली, २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीनं दिवाळखोरी मागितली आणि जूनमध्ये ब्रिटनच्या नियामकानं तिला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. म्हणून काकांच्या नावाचं खातं त्यांच्याच ईमेलवर उघडलं, पासवर्ड त्यांच्याकडे. कधीही सगळं पुसून टाकायचा हक्क त्यांचा.

मग ते म्हणाले, "आणि मध्ये दत्तक असला तर?" ह्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले. ग्वाल्हेरचे जयाजीराव १८४३ मध्ये दत्तक, इंदूरचे दुसरे तुकोजीराव १८४४ मध्ये दत्तक. तिन्ही गाद्या दत्तकावर चालल्या आणि राज्यं त्यांनीच नावारूपाला आणली. घरोघरीही तेच. भाऊबंदांतला मुलगा घेतला असेल तर वाय जुळेल, बाहेरचा घेतला असेल तर नाही जुळणार. त्यानं तो फडणीस कमी ठरत नाही. काकांचं म्हणणं, जुळो न जुळो, सुतक धरायचं. मला ते पटतं. तरी मला दोन भावांची गोष्ट खरी आहे का हे जाणायचं आहे. घरून टोमणा येतो, कुळाचं एवढं आहे तर परत ये. मी बडोद्यात राहिले असते तर हे विचारलंही नसतं, हे त्यांना कसं समजावू?

काकांचा नमुना गेला आहे, पण एका बाजूनं काही सिद्ध होत नाही. ग्वाल्हेरच्या फडणिसांपैकी, घरात बडोद्याच्या भावाची गोष्ट ऐकलेला कोणी पुरुष हे वाचत असेल तर मला जरूर कळवा. किटचा खर्च माझा, खातं तुमचं, आणि निकाल काहीही आला तरी तो तुमच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगणार नाही. वडीलधारे काका-आजोबा असतील तर आधी त्यांना विचारा.