आमची वाटचाल : देऱ्यातले आमचे बखूरचे दुकान

दुबईत देरा या जुन्या बाजारपेठेत सिक्कत अल खैल रस्त्यावर आमचे बखूरचे, म्हणजे निखाऱ्यावर ठेवायच्या अरबी सुगंधी धुपाचे, दुकान आहे. रत्नागिरीहून आलेल्या वडिलांनी ते एका अमिराती भागीदाराच्या साथीने काढले, कारण त्या काळी स्थानिक भागीदाराशिवाय परवाना मिळत नसे. त्या भल्या गृहस्थांनी सहीच्या मोबदल्यात कधी जादा पैसा मागितला नाही. उलट आपल्या आईची दुखूनची, म्हणजे चकत्यांच्या बखूरची, कृती वडिलांना शिकवली. अगरच्या सुगंधी लाकडाचा भुगा साखरेच्या पाकात शिजवायचा, त्यात कस्तुरी-अंबरची अत्तरे, केशर आणि गुलाबपाणी घालायचे, चकत्या थापायच्या आणि झाकणबंद बरणीत मुरू द्यायच्या. त्या वेळचे पितळी पातेले आम्ही अजून वापरतो. त्याचा तळ एका अंगाला झिजला आहे, म्हणून ते आचेवर किंचित तिरके धरावे लागते. पाक करपला की अगरचा वास मेलाच.

पुढची बरीच वर्षे धंदा चांगला चालला. मग शेजारच्या गाळ्यात नवा दुकानदार आला. झाडाला बुरशीची लागण झाली की गाभ्यात राळ धरते आणि अगरला किंमत असते ती त्या राळेची, हे या बाजारात पोरालाही ठाऊक आहे. या माणसाने राळ नसलेले हलके लाकूड तेलात मुरवून काळे केले आणि ‘कंबोडी ऊद’ (अरबीत ऊद म्हणजे अगर) म्हणून निम्म्या भावात विकले, तेही हुबेहूब आमच्यासारख्या चौकोनी डब्यांतून. आसामी अगरची जात १९९५ पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने आम्ही परवान्याचाच माल घेतो, आणि तो खर्च भावात धरावाच लागतो. जुनी गिऱ्हाइके आमच्या दारावरून तिकडे गेली, याचे दुःख आजही आहे. त्यातच २०२० च्या मार्चअखेरीस, रमजान तोंडावर असताना, करोनामुळे देऱ्यातला अल रासचा परिसर बंद झाला. भाडे थकले आणि पगारांसाठी पत्नीचे दागिने गहाण पडले.

तेव्हा शारजाच्या एका वृद्ध अमिराती बाईंनी आम्हाला तारले. त्या नेहमी लाकडाची सळी निखाऱ्यावर धरून राळेचे बुडबुडे येतात का ते पाहत आणि मगच भाव विचारत. त्या दिवसांत त्यांचा फोन आला, ‘या वलदी (माझ्या लेका), ईदचे दुखून माझ्या सगळ्या लेकींकडे पाठव,’ आणि माल निघण्याआधीच पैसे पोचले. त्याच पैशांतून आम्ही पुढचा अगर आणला.

मुंबई-कोकणातल्या गिऱ्हाइकांना एक सांगावेसे वाटते. धुपाटण्यात आपण रसरशीत निखाऱ्यावर धूप टाकतो. बखूरला ते चालत नाही. झटपट पेटणाऱ्या कोळशात सोरा असतो, तो जळून वर पांढरी राख चढू द्यावी आणि मगच नखाएवढा तुकडा ठेवावा. घरात दम्याचे माणूस असेल तर बखूर जाळूच नये. अरबांकडे मबखरा, म्हणजे धूपदाणी, पाहुण्यांपुढे फिरतो तो निरोपाच्या वेळी, आल्या आल्या नव्हे.

शेजारी अजून तेच चौकोनी डबे विकतो. आमच्या डब्याच्या तळाशी आता ठोकलेला शिक्का असतो. तो पाहूनच पैसे द्यावेत.