1967 ची फियाट 1100 डिलाइट: रंगाचा शोध, पितळी रिव्हेट आणि इंजिन बे

डेंटिंग संपलं. तळाचा सडलेला पत्रा कापून नवा बसवला आणि चारही दारं आता एका हाताने लागतायत. इथून पुढचं काम लांबून दिसणारं नाही, पण मला या गाडीत सगळ्यात जास्त रस त्यातच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बरेच जण इटलीतल्या 1100डी चे, म्हणजे डिलाइटच्या मूळ इटालियन मॉडेलचे, फोटो आणि कॅटलॉग पाठवतात. ते पाहायला मलाही आवडतात, पण माझी गाडी तुरिनमध्ये नाही, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलीय. इटलीत 1100डी ला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे जुनं 1089 सीसीच चालू राहिलं. इटालियन पुस्तक बघून पिस्टन मागवले तर 72 मिमीचे येतील, आपलं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी. इंजिनात एवढा फरक असेल तर बारीकसारीक भागांत तो असणारच. डायनॅमोवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) लुकास-टीव्हीएस या भारतीय कंपनीची पट्टी आहे, ती तशीच राहणार. तिच्या जागी इटालियन मॅग्नेटी मारेलीचा डायनॅमो बसवला तर गाडी जास्त ओरिजिनल होते असं काहींना वाटतं. मला ते साफ चूक वाटतं. साठच्या दशकात एकेक भाग देशात बनू लागला आणि जुळणीत येत गेला. माझी गाडी त्या काळाची आहे, आणि ते तिच्या अंगावर दिसलं पाहिजे.

म्हणून पुरावा आधी गाडीतच शोधायचा, ही माझी पद्धत. जिथे कुणाचा पाना किंवा ब्रश पोचलेला नाही अशा जागा शोधायच्या. रंग असाच मिळाला. बाहेरून गाडी पांढरी होती, आरसीवरही पांढरीच. डॅशबोर्ड उतरवल्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या पत्र्यावर फिकट हिरवट-राखाडी रंग निघाला. तो आतल्या वायरच्या क्लिपांवरही उडालेला होता, म्हणजे कारखान्यातलाच. खात्रीसाठी दाराच्या रेक्झिनमागचा रुपयाएवढा भाग 1000 च्या पॉलिश पेपरने पाणी घालत घासला. वर पांढरा, त्याखाली एक निळा, मग लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर, त्याखाली तोच हिरवट-राखाडी आणि शेवटी लालसर प्रायमर. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे सगळे थर एकाखाली एक उघडे पडले. पेंटवाल्याकडे नमुना नेण्याआधी त्या जागेवर कंपाउंड फिरवून वरची मळकट साय काढली. तशीच नेली असती तर मशीनने जुनाट पिवळटपणाच मोजला असता.

पेंटरशी एका मुद्द्यावर बराच वाद झाला. त्याला रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, मारायचा होता. मी नाही म्हटलं. क्लिअरची ती ओली, काचेसारखी चमक त्या काळातल्या साध्या रंगाला नव्हती. शेवटी सिंगल-स्टेज सॉलिड रंगावर, म्हणजे वर क्लिअर न लागणाऱ्या साध्या रंगावर, जमलं. बोनटच्या आतली बाजू आणि डिकीचा तळ मुद्दाम कमी फिनिशचा ठेवलाय. कारखान्यात तिथे कुणी घासकाम करत बसत नसे. तिथे आरसा केला की जाणकार माणूस बोनट उघडताक्षणीच ओळखतो.

आता चॅसी नंबरची पट्टी. ती मूळ आहे, थोडी वाकलेली, अक्षरं वाचता येतात. मधल्या कुठल्यातरी मालकाने ती पॉप रिव्हेटने बसवली होती. मधोमध भोक असलेले ते ॲल्युमिनियमचे रिव्हेट दिसले की पट्टी एकदा तरी निघाली होती हे उघड होतं. भोकांभोवती जुन्या भरीव रिव्हेटच्या डोक्याचा ठसा शिल्लक होता. त्याच मापाचे भरीव पितळी रिव्हेट पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी डब्याने मिळाले. लेथवाल्याकडून त्या डोक्याच्या आकाराचा छोटा ठोकणा करून घेतला आणि मागे लोखंडी ठोकळा धरून हळूहळू ठोकले. पट्टी सरळ केली नाही, पॉलिशही केली नाही.

बोल्टांचं सांगायचं तर फियाट मेट्रिक आहे, हे हार्डवेअरच्या दुकानात आधीच सांगावं. ॲम्बेसेडरचं काम करून करून तिथला माणूस सवयीने इंची आट्याचा बोल्ट काढतो. तो दोन आटे जातो आणि अडकतो, आणि पुढे जोर लावला की आटे गेलेच. दुसरं म्हणजे आज मिळणारे बोल्ट सोनेरी-पिवळ्या झिंकचे असतात आणि डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं. इंजिन बेमध्ये, म्हणजे बोनटखालच्या जागेत, ते लगेच डोळ्यात भरतात. त्यामुळे जुने बोल्टच साफ करून फॉस्फेट (गंज रोखणारा करडा-काळा थर) करून घेतोय. ज्यांचे आटे गेले ते दिसणार नाहीत अशा जागी हलवले, आणि स्टिअरिंग-ब्रेकला मात्र नवेच. तिथे मी हट्ट करत नाही.

वायरिंगला चिकट इन्सुलेशन टेप वापरलेली नाही. हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) बिनचिकट पीव्हीसी पट्टी गुंडाळली, टोकं तेवढी चिकटवली. फ्यूज बॉक्स जुनाच, सिरॅमिकचे 8 अँपिअरचे फ्यूज, पितळी पत्त्या लिंबाच्या पाण्यात बुडवून साफ केल्या. हेडलाइटला 45/40 वॅटचे साधे बल्ब. रात्री उजेड कमी पडतो हे मान्य, पण एलईडीचा तो निळसर झोत या तोंडावर मला बघवत नाही.

नंबरप्लेटचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांपुढची, मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी झाली तर व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मी जुनाच ठेवणार. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं हाताने रंगवून घेतलीत, ती फक्त रॅलीत उभी करताना लावायची. रस्त्यावर नियमाची पाटी.

मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी (याच फियाटची पुढची आवृत्ती) टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हापासून कुर्ल्याच्या भंगारातला माल झपाट्याने आटतोय. टॅक्सीचे भाग बहुतेक उशिराच्या पद्मिनीचे, डिलाइटला सगळे चालत नाहीत. पण बिजागऱ्या, काचेच्या पट्ट्या, क्वार्टर ग्लासचे (दाराच्या छोट्या तिकोनी काचेचे) खटके बघून घ्यावेत असे निघतात. मला सध्या मागच्या डाव्या दाराचं काच फिरवायचं हँडल हवंय, धातूच्या मुठीचं, प्लॅस्टिकचं नको. कुणाकडे जोडी असेल तर बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे: डिलाइटचा चांगला हॉर्न रिंग, दोन हबकॅप आणि न वापरलेला एक सोलेक्स कार्बुरेटरचा गास्केट सेट. पुढच्या वेळी सीटचं काम दाखवतो, जुन्या रेक्झिनच्या घड्यांची मापं घेऊन झालीत.