अंजनेरीत बाजारपेठ शोधताना

आश्विनातली सकाळ. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकची बस धरली आणि अंजनेरी फाट्याला उतरलो. सोबत मामा. माझ्याबरोबर उतरलेली पोरं काठ्या घेऊन थेट गडाच्या वाटेला लागली. अंजनीमातेचं दर्शन आणि हनुमानाचं जन्मस्थान, सगळ्यांची ओढ तिकडेच. आम्हाला मात्र वर जायचं नव्हतं. पायथ्याला भाताच्या खाचरांमध्ये विखुरलेलं एक जुनं शहर पाहायचं होतं.

शहर म्हटलं तरी डोळ्यांना दिसतात ती मंदिरंच. अकराव्या-बाराव्या शतकातली, यादवांच्या काळातली सोळा मंदिरं. काही हिंदू, काही जैन. कुठे गाभारा उभा आणि शिखर गायब, तर कुठे नुसता मंडप. एका दारचौकटीची नक्षी इतकी नाजूक आहे की दगडाचं काम आहे हे बोट लावून पाहावंसं वाटतं. मामा गुडघे धरत एका जोत्यावर बसले आणि म्हणाले, “देवळं एवढी, मग माणसं कुठं राहत होती रे?”

त्याच प्रश्नासाठी मी आलो होतो. इथल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या आसपासचा, संस्कृत लेख आहे. यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातला. चंद्रप्रभ या जैन तीर्थंकराच्या मंदिराला दिलेल्या दानात त्यात दुकानं आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलोच. देवाला जमीन देतात, गाव देतात. दुकानं द्यायची तर आधी चालता बाजार हवा. म्हणजे ज्या बांधावरून आम्ही चिखल तुडवत होतो, तिथेच कुठेतरी धान्याचा, कापडाचा, तेलाचा भाव होत असणार.

आणि त्याच्याही चारशे वर्षं आधीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. अंजनेरीला ताम्रपट सापडले. हरिश्चंद्र वंशातल्या भोगशक्तीचे, कलचुरी संवत ४६१ चे, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमाराचे. हा चालुक्यांचा मांडलिक. त्यातल्या एका लेखात समगिरिपट्टण नावाचं उद्ध्वस्त झालेलं गाव पुन्हा वसवल्याची नोंद आहे. ते कसं वसवलं, तेही तिथेच आहे. तट बांधला, वाडा बांधला असं काही नाही. व्यापाऱ्यांना शब्द दिला: चंद्रसूर्य असेतो जकात नाही, कोणी निपुत्रिक वारला तर त्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही, सरकारी माणसांच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा बोजा तुमच्यावर नाही. या तीन गोष्टी वाचून मला त्या काळच्या व्यापाऱ्याची भीती कळते. उजाड गावात दुकान परत उघडायचं म्हणजे केवढी छाती लागत असेल! आणि राजाला ती भीती नेमकी ठाऊक होती. म्हणून मला भोगशक्ती आवडतो.

त्याच्या ताम्रपटांत ‘कृष्णराज-रूपक’ असं नाण्याचं नाव येतं. कृष्णराज हा कलचुरी राजा, भोगशक्तीच्या दीडशे वर्षं आधीचा. त्याचं घराणं, त्याचं राज्य सगळं संपलं, तरी लोक त्याच्याच नाण्यात हिशेब करत होते. मी ते नाणं पाहिलं आहे. करंगळीच्या नखाएवढी चांदी, एका बाजूला राजाचं मुख, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. अंजनेरीला रस्त्यालगतच नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. गडावर जाणाऱ्यांनी येता-जाता तासभर तिथे जरूर काढावा.

एका देवळाजवळ बकऱ्या चारणारी आजी भेटली. मी विचारलं, “आजी, इथं पूर्वी बाजार कुठं भरायचा?”

“बाजार? बाजाराला त्र्यंबकला जायाचं,” ती म्हणाली. मग जरा थांबून बांधाकडे हात केला. “नांगरताना घडीव दगड लई निघत्यात. बांधावर टाकल्यात समदे.”

आम्ही तो बांध पाहिला. गवत कमरेएवढं वाढलेलं, दगड अर्धे मातीत. एकाला सरळ कापलेली कड होती, मधोमध झिजलेली. उंबरठा असेल का? मामांनी रुमालानं चिखल पुसला आणि झिजलेल्या जागेवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी फोटो काढला, पण सावलीत काही नीट आलं नाही.

दुपारी फाट्यावर चहा घेताना मामांनी ठरवून टाकलं. भात कापणी होऊ दे, वैशाखात गवत वाळू दे. मग बांधाबांधानं चालायचं आणि कड कापलेला प्रत्येक दगड वहीत टिपायचा. वही मी त्याच संध्याकाळी घेतली.