बाटल्यांची भिंत: बघताना आणि बांधताना

बाटल्यांचं घर बघायला गेलेला माणूस आधी रंगांत अडकतो. हिरव्या-तपकिरी काचेतून आत येणारा उजेड असतोच तसा. पण पोट भरून रंग बघून झाले की दोन बाटल्यांमधल्या सांध्याकडे वळा. भिंत उभी राहते ती मसाल्यावर, म्हणजे सांध्यात भरलेल्या सिमेंट-वाळूच्या किंवा मातीच्या लगद्यावर. बाटली जागा अडवते आणि उजेड आत घेते, वजन पेलण्याचं काम तिचं नाही. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या बाटल्या दोन सेंटिमीटरच्या फटीने रचल्या, तरी दर्शनी भागाचा चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा मसाल्याचाच असतो.

थायलंडच्या सीसाकेत प्रांतातलं वाट पा महा चेदी केव हे मंदिर या दृष्टीने बघण्यासारखं आहे. भिक्खूंनी १९८४ पासून बाटल्या जमवायला सुरुवात केली आणि सुमारे १५ लाख बाटल्या वापरल्या. हिरव्या हायनेकेनच्या, तपकिरी चांग बिअरच्या. बुचंसुद्धा टाकली नाहीत, त्यांची भिंतीवर चित्रं केली. मात्र सांगाडा काँक्रीटचा आहे. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, ऱ्हायोलाइट गावी, टॉम केलीने १९०६ मध्ये सुमारे ५०,००० बाटल्यांचं घर चिखलमातीत बांधलं. लाकूड मिळत नव्हतं, बाटल्या मात्र ढिगाने होत्या. तिथे पाऊस नावालाच, म्हणून ती माती टिकली. तेच घर बेळगाव जिल्ह्यात धो-धो पावसाच्या खानापूर-कणकुंबीकडे बांधलं तर पहिल्या पावसाळ्यातच मसाला वाहून जाईल. कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीला ट्रेसा प्रिस्ब्री या बाईंनी १९५६ पासून कचरा डेपोतून आणलेल्या बाटल्यांची अख्खी वस्ती उभारली. १९९४ च्या भूकंपात तिची मोठी पडझड झाली.

आता आपल्याकडचं. परसात न्हाणीची आडभिंत, व्हरांड्याची एक बाजू किंवा शेतघराची खिडकीवरची पट्टी एवढ्याने सुरुवात करावी. भंगारवाल्याकडे ६५० मिलीच्या तपकिरी बिअरच्या बाटल्या सगळ्यात जास्त मिळतील, पण त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. अशी फिरती बाटली भिंतीत गाडणं मला पटत नाही. ज्यांना परतीची वाट नाही अशा वाइनच्या आणि व्हिस्कीच्या गोल बाटल्या मागून घ्या. चपटी घेऊ नका, तिची ओळ बसत नाही.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बाटल्या रात्रभर भिजवल्या की लेबलं सुटतात. मग बुडापासून दहा सेंटिमीटरवर कापायचं. पेटत्या सुतळीची युक्ती नको, काच वाकडीतिकडी तडकते. पाण्याच्या ट्रेमध्ये फिरणाऱ्या हिऱ्याच्या पात्याचं, फरशी कापायचं मशीन भाड्याने घ्या. चष्मा आणि मास्क लावूनच बसा. कापलेली दोन बुडं तोंडाला तोंड लावून ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने घट्ट गुंडाळली की वीस सेंटिमीटरची काचेची वीट तयार. एक बूड रंगीत आणि दुसरं बिनरंगी काचेचं घेतलं तर उजेड जास्त येतो. जोडण्याआधी काच उन्हात खडखडीत वाळलेली हवी. आत ओल राहिली तर वाफ धरते, पुढे शेवाळ येतं, आणि ते कायमचंच.

दहा चौरस फुटांना अशा सुमारे १२० विटा लागतात, म्हणजे २४० बाटल्या. एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू धरली तर अर्धी गोणी सिमेंट आणि तीन घनफूट वाळू पुरते. मजबुतीच्या नावाखाली गवंडी सिमेंट वाढवायला बघतो, तिथे अडून बसा. सिमेंट जास्त झालं की मसाला वाळताना जास्त आकसतो, प्रत्येक बाटलीभोवती केसाएवढी चीर पडते आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच आत येतं.

दुसरी गोष्ट गवंड्याला काम सुरू करण्याआधीच सांगावी लागते. मातीची वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, काच घेत नाही. त्यामुळे नेहमीसारखा सैल मसाला कालवला तर बाटल्या घसरतात, वरच्या थराच्या वजनाने खालच्या पुढे येतात. मसाला मुठीत दाबल्यावर लाडूसारखा राहिला पाहिजे. दिवसाला दीड फुटाच्या वर चढायचं नाही. प्रत्येक थराला ओळंबा लावायचा. बाटलीचं बूड मसाल्याच्या बाहेर चार-पाच मिलिमीटर काढायचं आणि वीट बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी साचत नाही. दोन-तीन तासांत ओल्या स्पंजने काचा पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी सिमेंटचा पापुद्रा खरवडताना काचेवर ओरखडे पडतात. नंतर ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारायचं.

छताचं वजन खांबांवर द्या. दोन खांबांतलं अंतर सहा फुटांच्या आत ठेवा. दर दीड फुटाला सहा मिलिमीटरची सळई खांबांत अडकवा आणि तेवढ्या थराला मसाला इंचभर जाड घ्या. तुळईखाली इंचभर फट सोडून ती शेवटी भरावी.

पाया मात्र गावागणिक बदलतो. खानापूर, जांबोटीकडे जमीन बरी, भीती पावसाची. तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचा दोन फूट उंच जोता आणि छपराची पागोळी भिंतीपासून अडीच फूट पुढे हवी. अथणी, चिकोडीकडच्या काळ्या रानात उलटं. पाऊस कमी, पण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय भिंत धरूच नका, नाहीतर दोनेक वर्षांत तिरकी चीर वरपर्यंत जाते. तिकडे पश्चिमेची बाजूही टाळा, मे महिन्यात दुपारी ती खोली तापते.

एखादी काच फुटलीच तर अख्खी वीट उपसायला जाऊ नका, शेजारच्या सुटतात. हातमोजे घालून तुकडे काढा, आतली कड छिन्नीने हलक्या हाताने साफ करा. थोड्या लहान व्यासाच्या बाटलीचं पाच सेंटिमीटर उंचीचं बूड बाहेरून बसवा आणि भोवती सिलिकॉन भरा. हे काम जानेवारी ते मेमध्ये, भिंत पूर्ण कोरडी असताना करायचं. ओल्या सांध्याला सिलिकॉन धरत नाही.