तुम्ही विचारलंत म्हणून: कान असा कशाने झाला?

कटिंगला बसलं की न्हावी माझा गोळा झालेला डावा कान दोन बोटांत धरतो, जरा थांबतो आणि विचारतो, "पैलवान, तालीम कुठली?" एसटीत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, आणि परवा सात रस्त्यावर चहा पिताना एका काकांनीही विचारलं म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. तालीम नाही हो, रग्बी. मग पुढचा प्रश्न, ते हेल्मेटवालं का? ते नाही, ते अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट असतं तर कान राहिला असता की.

टीम १५ जणांची, त्यातले १ ते ८ नंबर फॉरवर्ड, म्हणजे पुढं रेटणारे. मी ३ नंबर, टाइटहेड प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेतला. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून रेटतात, १ नंबरवाल्याचं डोकं एका बाजूनं मोकळं असतं पण ३ नंबरवाल्याचं समोरच्या दोघांच्या मधे अडकतं, दोन्ही कान घासतात, आत रक्त साकळतं आणि वेळेत काढलं नाही तर कानाचा कायमचा गोळा होतो. माझी नॅशनल चार दिवसांवर होती, डॉक्टर खेळू देणार नाहीत म्हणून गेलोच नाही. मूर्खपणा सगळा माझाच.

शाळेत मी कबड्डीवाला. पाय पकडायची सवय आहे म्हणून सरांनी रग्बीत ओढलं. मुरमाचं ग्राउंड, गुडघ्याची खपली कधी पडलीच नाही, आई हळद लावता लावता शिव्या घालायची. तेव्हा किडकिडीत होतो म्हणून ७ नंबरला पळायचो, कॉलेजात वजन वाढलं आणि कोचनी पुढच्या रांगेत घातलं. मित्र म्हणाले, काय बे, डिमोशन झालं का?

खरा फरक सिनियरला कळला. १९ वर्षांखाली स्क्रम दीड मीटरच्या पुढे रेटता येत नाही, सिनियरला ते बंधन नाही. पहिल्याच कॅम्पात समोर पोट सुटलेला एक दादा, मी मनात म्हटलं हे सोपं आहे. रेफरी ओरडला, क्राउच, बाइंड, सेट! माझी हनुवटी छातीला टेकली, दम गेला आणि मी उभ्याउभ्या मागं सरकत होतो. नंतर पाणी पिताना तो म्हणाला, "हातानं कुठं रेटतोस, पाठ सपाट ठेव, मांड्यांनी रेट." हे एक वाक्य अंगात मुरायला मला तीन वर्षं लागली.

पैसे? १९९५ साली रग्बी युनियन, म्हणजे हेच १५ जणांचं रग्बी, प्रोफेशनल झालं, पण ते परदेशात. आम्ही कॅम्पला जायचो हुतात्मा एक्सप्रेसनं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि सोमवारी परत नोकरीवर. २०२५ ला मुंबईत लीग झाली खरी, पण ती सात-सात जणांची, तिथं स्क्रम तीन विरुद्ध तीन असतो आणि बाकी सगळं पळणं. माझ्या पोटाचं तिथं काम नाही.

प्रोफेशनल प्रॉप कसा घडतो ते बघायचं तर साउथ आफ्रिकेचा तेंदाई मटावारिरा, सगळे बीस्ट म्हणतात. जन्म झिम्बाब्वेचा, आधी ८ नंबरला खेळायचा, डर्बनला शार्क्स टीमकडे गेल्यावर त्याला प्रॉप केलं. २००८ ते २०१९, देशाकडून ११७ टेस्ट मॅच. शेवटची टेस्ट म्हणजे वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंडला ३२-१२ नं हरवलं.

ती मॅच आपल्याकडे दुपारी होती, घरी बघत होतो. इंग्लंडचा ३ नंबर सिंकलर सुरुवातीलाच डोक्याला लागून बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळजवळ पूर्ण मॅच उभं राहावं लागलं. समोर बीस्ट. स्क्रम झाला की कोल मागं, पेनल्टी, परत स्क्रम, परत मागं. सगळे बीस्टसाठी ओरडत होते आणि मी आपला कोलची पाठ वाकतेय का ते बघत बसलो. आई शेंगा सोलत होती, तिला रग्बीतलं काही कळत नाही. तिनं मान वर केली, टीव्हीकडे बघितलं, मग माझ्या कानाकडे, आणि म्हणाली, "अगंबाई, त्या पोराची मान बघ की रे."